कंधारकरांसाठी योग्य बेस

कंधारातल्या एखाद्या होतकरू पोराने बेस गिटार घेतली आणि सरावाला व छोट्या-मोठ्या कार्यक्रमाला परवडेल असा अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा असं विचारलं, तर त्याला नीट सल्ला देणं हे आपल्या सगळ्यांचं नागरी कर्तव्य आहे. वाद्यांच्या दुकानात गेला तर तिथे त्याला पुस्तकी उत्तर मिळेल. घरी सरावाला २० ते ४० वॅट पुष्कळ झाले, स्पीकर आठ किंवा दहा इंची चालेल. सोबतीला ड्रम असेल तर १०० वॅटच्या पुढे जावं, स्पीकर बारा इंची घ्यावा. बेसला गिटारपेक्षा जास्त ताकद लागते, म्हणून गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर बेस ताणून वाजवू नये, आवाज फाटतो आणि स्पीकर जातो. दुकानात वाजवून बघताना सगळ्यात जाड तार मोकळी छेडावी. ती नुसती गुरगुरली तर अ‍ॅम्प ठेवून द्यावा, सूर स्वच्छ कळला तर घ्यावा. मिक्सरला जोडायची सोय असली की मैदानातल्या कार्यक्रमात तोच आवाज मुख्य साऊंडवर सोडता येतो.

हा सल्ला चुकीचा नाही. फक्त तो अशा गावांसाठी दिलेला आहे जिथे छोट्या कार्यक्रमाला छोटा आवाज पुरतो. आपण या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावलेला आहे आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचून ठेवलेला आहे.

ट्रॉलीच्या तळाला अठरा इंची बेस, एकेका खोक्यात दोन-दोन. त्यावर मिड, त्यावर टॉप. पुढच्या बाजूला डोळे दिपवणारे लाइट आणि मागे जनरेटर. ही भिंत बारशाला येते, हळदीला येते, परण्याला येते, वाढदिवसाला येते, निवडून आलेल्या सदस्याच्या मिरवणुकीला तर येतेच. ज्याचं बारसं आहे ते मूल जेमतेम बारा-तेरा दिवसांचं असतं. आपल्या गावाचा परिचय त्याला इतक्या लवकर आणि इतक्या जवळून करून देण्याची ही रीत अन्यत्र आढळणार नाही. तान्हं बाळ दचकून रडतं, पण ते रडणं कुणालाही ऐकू येत नसल्यामुळे समारंभाचा विरस होत नाही.

जगाने या बाबतीत किती हात आखडता घेतला, हे पाहण्यासारखं आहे. १९६९ साली रोलिंग स्टोन्स हा विलायती बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा अँपेग कंपनीने बेससाठी ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. मोठमोठी सभागृहं माणसांनी भरलेली, आणि तिथल्या बेससाठी त्या काळात ३०० वॅट म्हणजे अचाट मानले गेले. आपल्याकडे गल्लीतल्या हळदीला येणाऱ्या ट्रॉलीवरच्या एका-एका स्पीकरवर हजार वॅटचा शिक्का असतो, आणि समोर नाचणारी मंडळी मोजली तर खोक्यांच्या संख्येच्या फार पुढे जात नाहीत. माणशी वॅट या हिशेबाने पाहिलं, तर कंधारने अमेरिकेला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दौऱ्यातच नव्हे, आजही मागे टाकलेलं आहे.

काटकसरी लोक इथे एक गणित पुढे करतात. वीज दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वीज दहापट लागते. म्हणजे ४० वॅटच्या जागी ४,००० वॅट आणले, शंभरपट, तरी कानाला तो जेमतेम चौपट वाटणार. गणित खरं आहे. पण त्यातून जो अर्थ निघतो तो आपल्याच बाजूचा आहे: जिथे शंभरपट खर्च करून चौपट मिळतं, तिथे समाजाची दानत दिसते. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. तरीही त्या हंगामातल्या वराती मुक्या गेल्या नाहीत. बियाणं उधार आणता येतं, खत उधार आणता येतं. डीजेवाला मात्र रोख मागतो, आणि त्याला ते मिळतं. कुठलं देणं आधी भागवायचं याचा इतका स्पष्ट निर्णय अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

दुकानातल्या त्या ४० वॅटच्या अ‍ॅम्पचा सगळ्यात मोठा दोष अजून सांगायचा राहिला. त्याला हेडफोन लावायची सोय असते. पोरगं रात्री अकराला कोपऱ्यात बसून, एकच चाल शंभर वेळा घोटू शकतं आणि भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडत नाही. जी कला शेजाऱ्याला कळू न देता वाढते, तिच्यावर शेजाऱ्याने विश्वास का ठेवावा? शिवाय अशा सरावातून पुढे-मागे खरंच वाजवता येऊ लागण्याचा धोका असतो. ट्रॉलीच्या बेसमध्ये तो धोका मुळातच नाही. तिथे वाजवावं लागत नाही, बटण दाबावं लागतं.

बेसचा खरा मोठेपणा कळायचा तर तो बाहेर उभं राहून ऐकू नये, घरात बसून ऐकावा. बेस गिटारच्या जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि त्याची एक लाट साडेआठ मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे आपल्या गल्लीतल्या पुष्कळ घरांपेक्षा लांब. गाण्याचे शब्द, बासरी, गायकाचा गळा हे सगळं दार-खिडकी लावली की बाहेर अडतं. खर्ज अडत नाही. तो भिंतीतून येतो, पत्र्यातून येतो, जमिनीतून येतो. पत्र्याच्या घरात तर पत्रा स्वतःच वाजू लागतो. आधी मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणतात, मग पाण्याच्या पिंपात वर्तुळं उठतात, मग खाटेवरच्या म्हातारीच्या छातीत धडधड सुरू होते, जी तिची स्वतःची नसते. गाणं कोणतं चाललंय हे तिला कळत नाही, आणि खरं म्हणजे कुणालाच कळत नाही. सुरांचा आणि शब्दांचा भेदाभेद मिटवून समाजाला एकाच ठोक्यावर आणणं हे काम संतांनाही पुरतं साधलं नव्हतं.

समतेच्या दृष्टीने या ट्रॉलीचं योगदान मोठं आहे. शिवजयंती असो, भीमजयंती असो, गणपती असो, उरूस असो. ट्रॉली तीच, खोकी तीच, ठोका तोच. बदलतं ते फक्त पुढे बांधलेलं कापड. एका समाजाची मिरवणूक मागच्या वर्षी दुसऱ्याच्या दारावरून इतक्या आवाजात गेली, तर यंदा दुसऱ्याची पहिल्याच्या दारावरून त्याहून चार खोकी जास्त लावून जाते. एकमेकांच्या सणांची इतकी बारीक नोंद ठेवणारे शेजारी पूर्वी नव्हते.

कायद्याविषयी इथे आदराने बोलायला हवं, कारण त्यानेही समजूतदारपणा दाखवला आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा आखला. पुढे वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकारही त्यांत आला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्यावर शिक्कामोर्तब केलं. इतकं सविस्तर लिहून झाल्यावर ते प्रत्यक्ष मोजायचं कसं, हा प्रश्न उरला, आणि त्याच्या उत्तराने बेसप्रेमी मंडळींनी निर्धास्त व्हावं. मर्यादा ज्या ‘ए’ मोजपट्टीने ठरलेली आहे, ती मोजपट्टी माणसाच्या कानाला हळू आवाजातला खर्ज कमी ऐकू येतो या तत्त्वावर बेतलेली आहे. त्यामुळे ५० हर्ट्झचा आवाज ती प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० डेसिबल कमी धरते. ज्या ठोक्याने खिडकीचं तावदान थरथरतं, त्याचा बराचसा भाग मीटरच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. मीटर धरणारा हवालदार स्वतः अंगभर हलत असतो, आणि त्याच्या हातातला आकडा त्याहून शांत असतो. छातीला जे कळतं ते कागदावर येत नाही, आणि कागदावर जे येत नाही त्याबद्दल तक्रार करणारा माणूस चिडका ठरतो. अशी सोय ठरवून केली असती तरी इतकी नेमकी झाली नसती.

कानाच्या डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. हा हिशेब अमेरिकेतल्या कामगारांसाठी केलेला आहे. आपला ट्रॉलीवरचा पोरगा, जो वरात संपेपर्यंत खोक्यांना पाठ टेकून उभा असतो आणि परत जाताना त्याच खोक्यांवर झोपतो, तो कुणाच्याच यादीत कामगार नाही. त्यामुळे त्याला हा हिशेब लागू करण्याचं कारण नाही. वीस-बाविसाव्या वर्षी त्याला हाक दोनदा मारावी लागते. मालक त्याला ‘ध्यान नसतं याचं’ असं म्हणतो.

विद्यार्थ्यांबाबत उगाच काळजी केली जाते. लग्नसराई आणि दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात गळ्यात गळा घालून येतात, हे खरं. पण लातूर पॅटर्नने आपल्या भागाला काय शिकवलं? कष्ट, सातत्य आणि एकाग्रता. ज्यांना पैसा आहे ते लातूरला खोली करून राहतात. ज्यांना नाही ते इथेच, कानात बोळे घालून, भौतिकशास्त्रातलं अनुनादाचं प्रकरण वाचतात, आणि समोरचा पत्रा त्यांना प्रात्यक्षिक करून दाखवतो. प्रयोगशाळेत जे साहित्य कित्येकदा नसतं ते दारात येतं.

एका गोष्टीबद्दल मात्र गावाने स्वतःची पाठ अजून पुरेशी थोपटून घेतलेली नाही, ती म्हणजे हलगी. हलगीवाला परण्याच्या आधी रस्त्याच्या कडेला काटक्या-पाचट पेटवायचा, हलगी जाळावर धरून फिरवायचा, बोटाने टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा धरायचा. कातडं तापून ताणलं की आवाज कडक उठायचा. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. गिऱ्हाईक कोण, नवरदेव कसा चालतो, बाया कुठे थांबल्या, हे बघून तो चाल बदलायचा. दोन हलग्या समोरासमोर आल्या की सवाल-जवाब व्हायचे, आणि माणसं नाचायची थांबून ऐकत उभी राहायची. हा त्या वाद्याचा मूलभूत दोष होता: ते माणसाला थांबवून ऐकायला लावायचं. शिवाय त्याला डिझेल लागत नव्हतं, आणि त्याचे पैसे गावातल्याच चार घरांत जायचे. आता ती घरं वरातीच्या दिवशी मोकळी असतात. ज्या दारातून हलगी निघायची त्याच दारावरून ट्रॉली जाते, तेव्हा भिंतीला टांगलेली हलगी आपोआप घुमते, कारण कातडं ताणलेलं नसलं तरी खर्जाला दाद देतं. माणूस न लागता वाद्य वाजवून दाखवण्याचं हे तंत्र आपण फुकटात मिळवलं.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ढोलकी आणि तुणतुण्यावर अजून लावणी उभी राहते, आणि तिथे ढोलकीचा खर्ज एका तळहाताने सांभाळतात. तळहाताला वॅट नसतात, त्यामुळे त्या कलेची प्रगती मोजायची कशी हा प्रश्नच आहे. आपल्या राष्ट्रकूटकालीन किल्ल्याचंही तेच. हजार वर्षं त्याच्या भिंती वारा-पाऊस, तोफा आणि सत्ताबदल सोसत उभ्या आहेत. पण खंदकापलीकडच्या रस्त्याने चार ट्रॉल्या एका ओळीत गेल्या तर तिथला चुना काय म्हणतो, ही परीक्षा आजवर कुठल्याही सुलतानाने घेतली नव्हती. ती आपण वर्षातून अनेकदा, पदरचं डिझेल जाळून घेतो.

तर मग त्या पोराने काय करावं? ४० वॅटचा देशी अ‍ॅम्प त्याला एका मोठ्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात मिळेल, आणि वर तारांचा एक संच घेण्यापुरते पैसे उरतील. तो घेऊन तो दोन वर्षं घोटेल, भीमगीतांच्या एखाद्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायकाच्या मागे उभा राहील, आणि गाण्याला खालून असा आधार देईल की ऐकणाऱ्याला तो वेगळा जाणवणारही नाही, फक्त गाणं बरं वाटेल. पण कार्यक्रम रंगात आला की शेजारच्या गल्लीतून वरात येईल, आणि त्याला हात थांबवावे लागतील. एवढी यातायात करण्यापेक्षा त्याने गिटार खुंटीला लावावी आणि हंगामापुरतं ट्रॉलीवर नाव घालावं. मागे जनरेटरजवळ उभं राहून डिझेल किती उरलंय ते बघायला तिथे एक माणूस कायम लागतो.