करंगळीचा भाव

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये पोराचं बोट गेलं, की ऑफिसातून पहिला प्रश्न येतो : कुठलं?

प्रश्न निर्दय वाटतो, पण पक्का कायदेशीर आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात बोटांचा दरतक्ताच आहे. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका आणि करंगळी प्रत्येकी ७. हाड शाबूत राहून करंगळीचं नुसतं टोक उडालं, तर २. डावा हात की उजवा, असा भेदभाव नाही. आता कायद्याऐवजी संहिता म्हणायचं, बोटांचे भाव तेच.

तक्ता वाचताना मला खरी मजा आली ती ठोक भावात. तर्जनी १४ आणि मधलं १२, बेरीज २६. पण ‘एका हाताची दोन बोटं’ अशी वेगळी नोंद आहे आणि तिचा दर आहे २०. म्हणजे दोन एकदम घातलीत तर ६ टक्के सूट. तेच अनामिका आणि करंगळी गेली तर ७ अधिक ७ नव्हे, पुन्हा २०च. इथे पोराचा फायदा. तीन बोटं ३०. चारही गेली तर ५०. म्हणजे जी करंगळी एकटी गेली तर ७ टक्क्यांची, तीच आधीच्या तिघांच्या मागोमाग गेली तर २० टक्क्यांची होते! शेवटपर्यंत थांबणाऱ्याचं सोनं होतं, हे शेअर बाजारवाले सांगतात ते उगाच नाही. हुशार ऑपरेटरने डायखाली हात घालण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं, मिश्र संच काढावा, आणि मगच स्ट्रोक पडू द्यावा. २०२० साली ठरलेली १५ हजारांची पगारमर्यादा धरली, तर पंचविशीतल्या पोराची करंगळी बसते १ लाख ३६ हजार ६५३ रुपयांना. वर तीस पैसे. ते पैसे कोण देतं, हे एकदा बघायचंय.

बरं, स्ट्रोक पडतो कसा? प्रेसला दोन बटणं असतात, ती अशासाठी की दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय मशीन चालूच होऊ नये. मग टार्गेट येतं. एक बटण तारेने दाबून बांधलं जातं, सेन्सर ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बंद केला जातो, आणि रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला जुनाट प्रेस डबल स्ट्रोक मारते. तार कोणी बांधली हे शॉपमधल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. रिपोर्टात मात्र येतं : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हे सहज सुचलेलं वाक्य नाही साहेब. कामगाराने सुरक्षेची सोय स्वतः मुद्दाम काढली, असं दाखवता आलं की मालक भरपाई नाकारू शकतो. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ही पळवाट बंद. बोट मात्र तीतून आरामात निसटतं. म्हणजे गार्ड काढायला लावणारे हेच, तो काढला म्हणून पोराला आरोपी करणारेही हेच, आणि ४ मार्चला सुरक्षा दिनाचा बिल्ला छातीवर लावून शपथ वाचून दाखवणारेही हेच! त्या शपथेसाठी लाइन दहा मिनिटं थांबते. गार्ड बसवायला थांबत नाही.

पोरगं बहुधा ठेकेदाराचं असतं. त्याचं विम्याचं कार्ड अपघाताच्या दिवशी दुपारी निघतं आणि त्यावर हजेरी सकाळपासूनची असते. सहा महिने मागूनही जे निघत नव्हतं, ते ड्रेसिंग होईपर्यंत हातात. प्रशासन गतिमान झालं पाहिजे म्हणतात, ते हेच असावं.

तक्त्याप्रमाणे तर्जनी गेलेल्या पोराची कमाईची क्षमता ८६ टक्के शिल्लक आहे. तो ती घेऊन शेजारच्या कंपनीच्या गेटवर जातो. गेटवरचा माणूस सांगतो, “हात दाखव.” मग पलटून दाखव म्हणतो. मग, “पुढच्या महिन्यात ये.” या ‘पुढच्या महिन्यात ये’ला किती टक्के, ते परिशिष्टात कुठे छापलंय?