लॉर्ड लिनलिथगो साहेब बहादूर यांस वणीहून अर्जवजा पत्र

मेहेरबान लॉर्ड लिनलिथगो साहेब बहादूर, माजी व्हाइसरॉय, हिंदुस्थान सरकार, हल्ली मुक्काम परलोक, यांचे सेवेशी :

विज्ञापना ऐसीजे, १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या महाराजांचे पाहुणे होऊन आपण व आपल्या मंडळींनी केवलादेवच्या पाणथळीवर एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवण्याची दक्षता दरबाराने घेतली, हे आम्हां नाशिक जिल्ह्यातील रयतेस उशिरा का होईना, परंतु पुरतेपणी कळलेले आहे. त्याबद्दल आज फिर्याद गुदरण्याचा मानस नाही. जो गृहस्थ पुढल्याच वर्षी कोट्यवधी माणसांस न विचारता त्यांच्या वतीने युद्ध पुकारता झाला, त्याने बदकांचे मत मात्र आधी मागवावयास हवे होते, असा हट्ट धरणे न्यायाचे होणार नाही. पत्रास कारण की, निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयास डॉ. सलीम अली यांनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात, आणि ही उपाधी आपल्या कानी गेली असल्यास आपण बंदुका पुसून निघण्याचा संभव आहे. सबब, येथील कायदा आधीच कळवलेला बरा.

आपल्या अमदानीत पाणपक्ष्यांवर बंदूक चालवण्याची वाट संस्थानिकाच्या दिवाणखान्यातून जात असे. रयतेचा हक्क हाकारे घालण्यापुरता आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून साहेबलोकांनी पाडलेले पक्षी वेचून आणण्यापुरता होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हाही थोरली शिकार, लहान शिकार अशी प्रतवारी करून परवान्याची खिडकी किलकिली ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद केली. आता साधे बदक मारले तरी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा अभयारण्याच्या हद्दीत घडला तर तीन वर्षे ही किमान शिक्षा. या दराने आपल्या एका दिवसाचा हिशेब मांडू गेल्यास फौजदारी कारकून कलम ठेवून रजेवर जाईल.

अमेरिकेतील आपल्या भाऊबंदांची तऱ्हा निराळी. तेथे सार्वजनिक पाण्यावर बदक टिपण्याचा हक्क साध्या नागरिकासही असल्यामुळे भांडण उरते ते एवढेच, की गवत-काटक्यांनी झाकलेली शिकाऱ्याची लपण कोणी, कोठे बांधावी. व्हर्जिनियात दोन कायम लपणींमध्ये ५०० यार्डांचे अंतर लागते, काठाच्या मालकास पहिला मान मिळतो आणि लपणीवर परवान्याची पाटी ठोकावी लागते; आमच्याकडे बांधाच्या हातभर जमिनीवरून भावाभावांत जे दिवाणी दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्यांच्याच गोत्रातले हे प्रकरण दिसते. परंतु त्याच देशात १९३४ सालापासून बदकाच्या शिकाऱ्यास टपालाच्या तिकिटासारखे एक सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेऊन कायमच्या राखल्या जातात. मी जन्माचा माळकरी, तरी हे वाचून मनाची चलबिचल झाली. मारणाऱ्यास निदान पाणी हवे असते.

आपण शेतकी कमिशनचे अध्यक्ष होता, म्हणून आमच्या पाण्याची हकिकत आपणास खुलासेवार सांगतो. वणीच्या शिवारालगत उनंदेवर ओझरखेडचे धरण आहे. तेथून सुटलेले पाणी कादवेत, आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरी गोदावरीत. तेथला बंधारा आपल्याच सरकारने गेल्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी घातला. तो गाळाने भरत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या, आणि इंजिनिअरांच्या लेखी जो ऱ्हास तोच चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांच्या लेखी सुकाळ ठरला. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले, आणि पुढे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव याच गाळाचे लागले. इकडे २०१७ पासून धरणे गाळमुक्त करण्याची सरकारी योजना आहे. एका खात्याने ज्याची आरती करावी तेच दुसऱ्याने ट्रॅक्टरने वाहून न्यावे, हा योग आपल्या सिमल्याच्या सचिवालयासही साधला नसेल.

ओझरखेडच्या काठी हळदी-कुंकू बदकाची जोडी हिवाळ्यात सहज दृष्टीस पडते. चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, टोकाला हळदीचे बोट, अशी ही सवाशीण डोके पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडे करते, आणि चिखलातले बी, कोंब हुडकते. तिला पाणी हवे ते वीतभर आणि खाली चिखल. परंतु ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षबागेस पाणी लागते, रब्बीचे आवर्तन सुटते, काठ आठवड्यागणिक मागे सरतो, मोटारींचे पाइप त्याच्यामागे लांबत जातात, आणि उघड्या पडलेल्या तळावर गाळपेर होते. मग ही जोडी शेततळ्यावर जाते. शेततळे म्हणजे चारी अंगांनी उभ्या उताराचा काळा प्लास्टिकचा हौद, वरून कुंपण. पाणी मुबलक, खाण्यास कण नाही, आणि पाय टेकावा तर कागद निसरडा. द्राक्षवाल्यावर माझा राग नाही. त्याच्या डोक्यावरचे कर्ज बदक फेडणार नाही.

लपणी मात्र आमच्याकडेही आहेत. नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात मनोरे आहेत, दुर्बीण लावून पक्षी ओळखून देणारी गावचीच पोरे आहेत, आणि हिरव्या ठिपक्यांचे कपडे घालून तोफेएवढी भिंगे रोखणारे शहरी पाहुणे आहेत. त्यांतले पुष्कळ सज्जन. एखादा मात्र उडता थवा साधावा म्हणून हळूच खडा भिरकावतो. त्याला दंड करण्यास पहारेकरी त्या वेळी नेमका दुसऱ्या काठावर असतो.

आता विनंती. आमच्या धरणांचे आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरते. तेथे पिण्याचे पाणी, शेती, उद्योग असे हक्कदार क्रमाने बसतात, आणि हाजीर नसलेल्याचे पाणी हाजीर असलेला नेतो. बदकांच्या वतीने अर्ज करण्याचा नमुना त्या दप्तरी नाही. फेब्रुवारीअखेर काठालगत वीतभर पाणी राहू द्यावे, एवढीच त्यांची मागणी; आणि शेतकी कमिशनच्या माजी अध्यक्षांचे शिफारसपत्र सोबत जोडले तर निदान आवक बारनिशीत त्याची नोंद होईल. पत्र इंग्रजीत असल्यास अधिक लवकर वाचले जाईल. बंदूक पाठवू नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक नसलेला,
वणीचा एक रहिवासी