तीन तोंडांचा हत्ती

तीन तोंडांचा हत्ती मी पहिल्यांदा पाहिला तो सांगलीच्या सराफ कट्ट्यावर, तराजूच्या पारड्यात. गेलो होतो बायकोच्या पैंजणांचे तुटलेले घुंगरू जोडून घ्यायला. माझ्या आधी कुणीतरी मोड घालून गेलं होतं. एक वाळा, झाकण हरवलेला करंडा, वाकडी पळी, आणि त्यात हा हत्ती. बिल्ला जुन्या रुपयाएवढा, वर कडी, कडीतली फीत केव्हाच गळून गेलेली. हत्तीला डोकी तीन आणि त्यांच्यावर मजल्यामजल्यांची छत्री.

"अण्णा, हे काय हो?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "संस्थानचा बिल्ला असणार. हत्ती म्हणजे आपल्या गणपतीचा."

सांगलीकराला हत्ती दिसला की तो गणपतीचाच असतो, त्यात अण्णांची चूक नाही. पण मी तोंडं मोजून दाखवली. अण्णा जरा विचारात पडले. "तीन तोंडं? मग दत्ताचा धरा. औदुंबर काय लांब आहे?"

एवढं बोलून त्यांनी बिल्ला दगडावर घासला आणि तोंड वाकडं केलं. चांदी नव्हती. गिलीट निघालं. हत्ती पारड्यातून उतरला आणि माझ्या पैंजणांबरोबर पुडीत येऊन बसला. "न्या गुरुजी, पोरांना खेळायला होईल." घरातली पोरं आता चाळिशीची आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मला या बिल्ल्यांचं वेड आहे. फार महागडं नाही, कारण मी विकत क्वचितच घेतो; नुसता बघतो, उलटवतो आणि परत देतो. उलटवण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कडा बघणं. नवशिक्या माणूस मेडलचा चेहरा बघतो. चेहरा राजाचा किंवा राणीचा असतो, तो हजारो मेडलांवर तोच. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या मेडलाच्या कडेवर मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटणीच्या नावात मराठा हा शब्द 'महरट्टा' असा भारदस्त ह घालून लिहिलेला. माणसांच्या नावांची मात्र कोरणाऱ्याने मनाला येईल तशी वाट लावलेली. चार पिढ्यांचे जाधव तिथे जाधाओ होऊन बसतात. भिंग लावून, ओठ हलवत, मी ती नावं वाचतो, आणि बायको म्हणते, "झालं का पारायण?"

सातारा तालुक्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे उभा आहे. जे परत आले त्यांच्याबरोबर, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरच्यांकडे टपालाने, असे बिल्ले या भागात किती आले असतील याचा विचार केला की वाटतं, घरोघरी पेटीत एखादं तरी असायला हवं. नसतं. का नसतं याचं उत्तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे.

विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा गलाईवाल्यांचा मुलूख. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून इथली माणसं मूस आणि भट्टी घेऊन भारतभर गेली. केरळपासून बंगालपर्यंत कुठल्याही गावच्या सराफ बाजारात जुनं सोनं-चांदी गाळणारा माणूस मराठी बोलताना सापडतो. एका जिल्ह्याने चांदी कमवून आणायची आणि दुसऱ्याने ती वितळवायची, अशी ही विभागणी. त्या महायुद्धाच्या मेडलात चांदी साधारण अडीच तोळे. लेकीचं लग्न निघालं, विहिरीला पाणी लागेना, की अडीच तोळे कुठल्या पेटीत आहेत ते घरच्या बाईला बरोबर आठवायचं. त्यात १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी साठवून साठवून भाव आभाळाला नेले. तेव्हा जे राहिले होते तेही मुशीत गेले. तिकडे विलायतेतही असाच ढीग वितळला म्हणतात, तेव्हा आपल्याच लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. मूस कडेवरचं नाव वाचत बसत नाही.

वाचला तो 'बर्मा स्टार'. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्यांना मिळालेला सहा टोकांचा तारा. तांबं-जस्ताचा, दिसायला पितळी. मध्ये लाल, दोन्ही बाजूंना निळा आणि निळ्यात नारिंगी रेघ अशी त्याची फीत. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा पलटणीने जपान्यांना रोखून धरलं, त्या झुंजीतून जिवंत परतलेल्यांच्या छातीवर हाच तारा. गलाईवाल्याने तो हातात घेऊन परत दिला, म्हणून तो घरात राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी कोरेगावकडच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्या हवालदारांना मी विचारलं, "आबा, ब्रह्मदेशचा बिल्ला आहे का?"

"हाय की. त्या म्हशीच्या गळ्यात बगा."

खरंच होता. घुंगरांच्या शेजारी. मी लढाईबद्दल विचारत राहिलो आणि आबा जळवांबद्दल सांगत राहिले. जपानी त्यांना फारसे आठवत नव्हते, जळवा मात्र एकेक आठवत होत्या.

इंग्रजांच्या मेडलांवर सिंह असला की त्याला कुणीतरी पायाखाली लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या एका मेडलावर तो दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा आहे. ब्रह्मदेशच्या पहिल्या लढाईनंतर, १८२६ च्या विजयासाठी, कंपनी सरकारने आपल्या देशी शिपायांना जे पदक दिलं, त्यावर आव्याचा हत्ती सिंहापुढे गुडघे टेकून बसला आहे, आणि खाली फारसीत ते समजावूनही सांगितलं आहे, न जाणो कुणाला हत्ती विश्रांती घेतोय असं वाटायचं. ब्रह्मदेशच्या दरबारात मात्र छातीवर बिल्ला लावायची पद्धतच नव्हती. खांद्यावरून जानव्यासारख्या सोन्याच्या साखळ्या घालत, आणि पदर जितके जास्त तितका माणूस मोठा. राजाचे चोवीस पदर. तो शेवटचा राजा थिबा आमच्या रत्नागिरीला आणून ठेवला, १८८६ साली, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. चोवीस पदरांचा धनी कोकणातल्या पावसात पेन्शनीवर. इथल्या कुठल्याही पेन्शनराला त्याचं दुःख सहज कळलं असतं.

माझा हत्ती मात्र गुडघे टेकून नव्हता. ताठ उभा होता. पुस्तकं चाळता चाळता तो सापडला लाओसमध्ये. तीन डोक्यांचा हत्ती आणि पांढरी छत्री ही तिथल्या राजाची खूण. जुन्या राज्याचं नावच लान सांग, म्हणजे दहा लक्ष हत्ती. आणि हा तीन तोंडांचा हत्ती दुसरा कोणी नसून इंद्राचा ऐरावत, समुद्रमंथनातून निघून तिकडे जाऊन स्थायिक झालेला. त्यांच्या देवळांतून तो आहे, राजाच्या झेंड्यावरही होता.

सांगलीच्या मोडीत तो कसा आला? १९५४ साली जिनिव्हाच्या करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात युद्धबंदीवर नजर ठेवायला तीन देशांचा आयोग नेमला. भारत अध्यक्ष, सोबत कॅनडा आणि पोलंड. त्या आयोगाबरोबर आपले फौजी गेले. त्यांतला एखादा इकडचा असेल, व्हिएन्टिएनच्या बाजारात त्याने आठ आण्यांना घेतला असेल, किंवा कुणी प्रेमाने दिला असेल. कडेवर नाव नाही. माझं सगळं शास्त्र तिथे थांबलं.

मी हे सगळं घरी सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं, लाओस कुठे आलं ते विचारलं, आणि बिल्ला चिंचेने घासून देव्हाऱ्यात ठेवला. तिने अण्णांचं मत ग्राह्य धरलं आहे. दर गुरुवारी हत्तीला पिवळं फूल मिळतं. लाओसच्या राजाला कळवायला हवं होतं, पण ती गादी १९७५ सालीच बंद झाली.