तिरके पाय, सरळ प्रश्न

सोफ्याला चार निमुळते, तिरके पाय लावायचे. वर मोहरी रंगाचं कापड चढवायचं. शेजारी गोल टीपॉय ठेवायचा. झालं ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’! किंमत तिथल्या तिथे वर सरकते. आत लाकूड कुठलं, एवढंच विचारा. विक्रेता मॅनेजरला बोलावतो.

ऑनलाइन दुकानात हा शब्द टाकून पाहा. सोफा येतो, दिवा येतो, आरसा येतो, कुत्र्याचा पलंगही येतो. जो शब्द सगळ्यालाच लागू पडतो, तो नेमकं काय सांगतो?

तारीख सांगतो. विसाव्या शतकाचा मधला काळ, ढोबळमानाने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापासून साठचं दशक सरेपर्यंत. बस्स. खुर्ची टिकेल की नाही, पाठ दुखेल की नाही, मोडली तर दुरुस्त होईल की नाही, याबद्दल तारीख गप्प असते.

शिवाय हे बारसं झालं खूप उशिरा. अमेरिकेत कारा ग्रीनबर्ग यांचं पन्नाशीच्या दशकातल्या फर्निचरवरचं पुस्तक 1984 मध्ये आलं, त्याचं नाव होतं ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’. हा शब्द घरोघरी पोचला तो त्यानंतर. इरो सारिनेन 1961 मध्येच गेले होते, चार्ल्स ईम्स 1978 मध्ये. ज्यांच्या खुर्च्यांवर आज ही चिठ्ठी चिकटवतात, त्यांच्यातल्या अनेकांना ती कुणी दाखवलीच नव्हती.

मग त्यांना काय हवं होतं?

युद्धात चार्ल्स आणि रे ईम्स यांनी अमेरिकी नौदलासाठी प्लायवूड वाकवून जखमी पायांना बांधायच्या खपच्या बनवल्या. युद्ध संपल्यावर तेच तंत्र खुर्चीला लावलं. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. स्पर्धेच्या नावातच अट होती : कमी खर्चाचं फर्निचर. ईम्स यांची फायबरग्लासची खुर्ची त्या स्पर्धेतून पुढे आली. आज तिचा जुना, मूळ नग हवा असेल तर आधी बँकेचं पासबुक उघडा.

सगळंच स्वस्त होतं, असं नाही. ईम्स यांचीच 1956 ची चामड्याची आरामखुर्ची पहिल्या दिवसापासून महाग होती. पण मूळ प्रश्न पक्का होता. चांगली वस्तू जास्तीत जास्त लोकांना परवडेल कशी? चिठ्ठी उरली, प्रश्न गळाला.

आणि हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला होता, मोठ्या जिद्दीने.

चंडीगड आठवा. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आले. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे 1951 मध्ये आले आणि 1965 पर्यंत राहिले. नुसते आराखडे पाठवून मोकळे झाले नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थीही सुखना तलावात सोडल्या. शहरावर प्रेम करणं म्हणतात ते हे.

इमारती उभ्या राहिल्या, पण बसायचं कशावर? सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, सगळीकडे हजारोंनी खुर्च्या-टेबलं लागणार होती. मग सागवान घेतलं, कारण ते दमटपणाला आणि वाळवीला दाद देत नाही. वेत घेतला, कारण उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो. सांधे असे ठेवले की गावातल्या सुताराला जमावेत. वेगवेगळ्या कारखान्यांत काम झालं, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही थोडा फरक दिसतो. कारकुनासाठी इतका विचार करून खुर्ची बनवणारं सरकार आज दाखवा.

या कामात युली चौधरी होत्या. चंडीगडच्या चमूतल्या भारतीय वास्तुविशारद, पुढे मुख्य वास्तुविशारद पदापर्यंत पोचलेल्या. फर्निचरच्या रचनेत त्यांचा हात होता. आज परदेशातल्या लिलावांच्या यादीत ठळक नाव मात्र जानरेंचं. बाईचं नाव आलंच तर तळटीपेत.

पुढे वेत फाटला, पाय डुगडुगले. दुरुस्ती कोण करणार? खुर्च्या आवारात, गच्चीवर, मोकळ्या जागेत एकावर एक फेकल्या गेल्या. पावसात भिजल्या. मग भंगार म्हणून लिलाव. त्यांच्या जागी लोखंड आणि प्लास्टिक आलं, आणि फाइल बंद झाली.

युरोपातल्या व्यापाऱ्यांनी मात्र ती फाइल उघडली. नव्वदीच्या अखेरीपासून ते चंडीगडला येऊ लागले, ढिगातून माल उचलू लागले. तिकडे वेत नव्याने विणला, सागाला पॉलिश केलं आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या दालनांत मांडलं. भाव लाखांत गेला. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची लोखंडी झाकणंसुद्धा परदेशातल्या लिलावात पोचली.

खुर्चीच्या मागे पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर असायचा, चोरी होऊ नये म्हणून. आज तोच नंबर अस्सलपणाचा दाखला आहे. कारकुनाच्या ब्रशने भाव वाढवला, फायदा भलत्याला झाला.

एमी सीगल या अमेरिकी कलावतीने 2013 मध्ये या प्रवासावर चित्रपट केला. धनिकांच्या घरांपासून उलटं मागे जात तो चंडीगडच्या ढिगापर्यंत पोचतो. मग त्याच वर्षी लंडनमध्ये तो चित्रपटही लिलावात विकला गेला.

सरकार काय करत होतं? 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. तोवर पुष्कळ माल गेला होता. आणि कायदा? पुरावशेषांचा कायदा 1972 चा. वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तरच पुरावशेष. 1955 च्या खुर्चीने संरक्षणासाठी 2055 पर्यंत दम धरायचा!

पण सगळा दोष व्यापाऱ्यावर ढकलू नका. त्याने चोरलेलं नव्हतं, आपण विकलेलं घेतलं. आपल्याला किंमत कळली नाही, त्याला कळली. राग यायला हवा तो या अज्ञानाचा.

इथे महाराष्ट्राने छाती काढायचं कारण नाही. अच्युत कानविंदे आपल्या आचऱ्याचे. जे. जे. मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे. आयआयटी कानपूरचा परिसर त्यांचा. आधुनिक भारतीय वास्तुकलेच्या पहिल्या फळीतलं हे नाव. डॅनिश खुर्चीवर तासभर बोलणाऱ्या किती मराठी माणसांना ते सांगता येईल?

विक्रोळीचंही तसंच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या कारखान्यात पोलादी मतपेट्या बनल्या, लाखोंच्या संख्येने. कमी खर्चाची, मजबूत, गावोगाव पोचेल अशी पेटी, आणि निरक्षर मतदाराचंही मत सुरक्षित ठेवणारी. 1955 मध्ये गोदरेजनेच भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाहेर काढला. शतकाच्या मध्यावरची, आधुनिक, सर्वांसाठी बनवलेली वस्तू याहून वेगळी काय असते? पण मतपेटीला तिरके पाय नाहीत. म्हणून ती कॅटलॉगात नाही.

भारत सरकारने बोलावलं म्हणून ईम्स दाम्पत्य आपल्याकडे आलं आणि 1958 मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी सर्वात जास्त कौतुक कशाचं केलं? लोट्याचं. पाणी भरायला, उचलायला, ओतायला, घासायला सोपा असलेल्या आपल्या लोट्याचं. आपण तो माळ्यावर टाकला आणि त्यांची खुर्ची हप्त्यावर आणली.

तेव्हा दुकानात ‘मिड-सेंच्युरी’ ऐकलं की तीन प्रश्न विचारा. लाकूड कुठलं? सांधा कसा बसवलाय? पाय मोडला तर आपला सुतार दुरुस्त करेल का? तिन्हींना नीट उत्तर मिळालं तर खुशाल घ्या, नाव काहीही असो.

आणि जे शाळेत, महाविद्यालयात, ग्रंथालयात, नगरपालिकेत कामाला आहेत, त्यांना खास विनंती. डेडस्टॉक रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे. दरवर्षी निर्लेखनाची यादी निघते, ‘जुनी लाकडी खुर्ची, मोडकी’ अशी एक ओळ लिहिली जाते आणि भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. त्या मोडक्यांतली एखादी सागवानी असेल, एखादी कुणी तरी विचार करून काढलेली असेल. फोटो काढा. मागचा नंबर उतरवून घ्या. सुताराला आणि वेत विणणाऱ्याला एकदा दाखवा, दुरुस्तीचा खर्च विचारा. यादीवर सही त्यानंतर करा.