कुठला मासा?

मासे गरवायला कुठला रॉड घ्यावा, हे नानांना विचारू नये. विचारायचंच असेल तर आधी घरी फोन करून, जेवायला थांबू नका म्हणून सांगावं. नानांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला मासा?" आपण म्हणतो, "लागेल तो." इथे नाना चष्मा काढतात आणि मुलगी बघायला आलेला पाहुणा 'कुठलीही चालेल' म्हणाल्यावर वधूपिता बघेल तसे आपल्याकडे बघतात.

मग चौकशी. पुळणीवरून, जेट्टीवरून की होडीतून? आमिष खरं की नकली? नकली असेल तर किती ग्रॅमचं? बँकेत असताना नानांनी कर्जदारांना इतकं छळलं असतं तर बँक अजून नफ्यात असती.

पण एक कबूल केलं पाहिजे, माणूस बोलतो ते सोळा आणे खरं. भाट्याच्या पुळणीवरून टाकायचं तर बारा-चौदा फुटी रॉड हवा. लाट फुटते त्याच्या पलीकडे शिसं पडलं पाहिजे आणि तंगूस लाटांच्या वर राहिला पाहिजे. तोच घेऊन होडीत बसलात तर शेजारच्याचा डोळा जाईल. होडीतून खोल पाण्यात जिग नाचवायचा तर पाच-सहा फुटी, आखूड आणि दणकट. तळ्यातला मरळ शेवाळात घुसला की त्याला लाड चालत नाहीत, तिथे ताठ रॉडने सरळ खेचायचं. बोय मासा नेमका उलटा. पिठाची गोळी, बारीक गरी, आणि टोक इतकं मऊ की त्याने तोंड लावलं तरी आपल्याला कळावं.

दुकानात गेलं की नाना 'ॲक्शन' आणि 'पॉवर' यांतला फरक समजावतात. रॉड वाकतो कुठून ती ॲक्शन, वाकायला जोर किती लागतो ती पॉवर. दुकानदार मान डोलावतो, कारण त्यालाही ते आजच कळलेलं असतं. मुठीच्या वर छापलेले बारीक आकडे, किती ग्रॅमचं आमिष आणि किती पौंडांचा तंगूस, हे नाना मोठ्याने वाचतात. मग खिशातून कापसाचा बोळा काढतात आणि रॉडवरच्या एकेका कडीतून फिरवतात. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी कडीला चीर आहे, आणि तीच चीर ऐन वेळी तंगूस कापणार. रॉड परत. दुकानदाराचा चेहरा मी वर्णन करत नाही.

नानांकडे महाशीरचाही रॉड आहे. रत्नागिरीत महाशीर कुठून यायचा? पण थॉमस नावाच्या मद्रासकडच्या साहेबाने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात या माशाचं कौतुक वाचल्यापासून नानांना राहवेना. हल्ली महाशीर धरून सोडून देतात, हे ऐकल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, "सोडायचाच तर मुळात धरता कशाला?" नानांनी उत्तर दिलं नाही. विषय गहन होता.

एवढं असून नानांच्या पिशवीत मासा का नसतो? कारण हातातला रॉड आणि समोरचा मासा यांची कधी गाठच पडत नाही. मांडवीच्या जेट्टीवर ते तांबोशीची तयारी करून येतात आणि नेमका बोयांचा थवा पायथ्याशी खेळत असतो. चुकीच्या रॉडने गरी टाकणं नानांच्या तत्त्वात बसत नाही. ते घरी जाऊन मऊ टोकाचा रॉड घेऊन येतात, तोवर ओहोटी लागते आणि थवाही निघून जातो. शेजारी एक पोरगा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस सोडून बसलेला असतो, रॉड नाही की रीळ नाही. त्याने हातभर शेंगाळा वर काढला की नाना शांतपणे म्हणतात, "हा चुकून लागला. असले मासे मोजत नाहीत."

गेल्या मे महिन्यात काकूंच्या झेल्याची काठी मोडली. परसातला हापूस वरच राहिलेला. नाना बाहेर गेलेले बघून त्यांनी चौदा फुटी रॉडला झेल्याची जाळी बांधली. पहिलाच आंबा जाळीत आला आणि रॉड त्याला घेऊन पार कमानीसारखा खाली आला. तेवढ्यात नाना हजर. काकूंना वाटलं, आता आरडाओरडा होणार. नाना मात्र कमान बारकाईने बघत होते. "मधूनच वाकतोय. आंब्याला फास्ट ॲक्शन पाहिजे," ते म्हणाले, आणि आत जाऊन एक नवा रॉड मागवला.

तो आला जूनमध्ये. तोवर परसात आंबा नव्हता, फक्त फणस लटकत होते. काकूंनी खोक्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता ह्याने फणस काढा."

"छे," नाना म्हणाले. "फणसाला हेवी पॉवर लागेल."