परिणाम फक्त शेजाऱ्यांवर

महाराष्ट्रात सध्या सर्वांत दुर्मिळ प्राणी कोणता, असं विचाराल तर मी म्हणेन, ज्याच्यावर माध्यमांचा परिणाम होतो तो माणूस. नान्नजच्या माळावर एक वेळ माळढोक दिसेल, हा दिसायचा नाही.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत मी सहज चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मी सगळी चॅनलं बघतो, पण मत माझं मी ठरवतो. परिणाम होतो तो हिच्यावर. मालिका बघून बघून सुनेनं दिलेला चहासुद्धा आधी वास घेऊन पिते." काकूंच्या मते मालिका म्हणजे आपला विरंगुळा, खरं नुकसान रील्सनं होतं. सूनबाईंनी एक रील बघितलं आणि घरात महिनाभर गहू बंद झाला. सूनबाई म्हणाल्या, रील्स मी नुसती सरकवते, डोक्यात काही शिरत नाही. "बाबांचं बघा की. नऊची डिबेट बघून जेवायला बसले की वरणात मीठ कमी असण्यामागंही त्यांना परकीय शक्ती दिसते."

मुलगा आयटीत आहे. तो चॅनल बघत नाही, मालिका बघत नाही, रील्स तर नाहीच नाही. तो पॉडकास्ट ऐकतो, तीन-तीन तासांचे. त्यामुळे त्याच्यावर परिणाम होण्याचा प्रश्नच येत नाही. मध्यंतरी त्याला पहाटे पाचला उठून बर्फाच्या पाण्यानं आंघोळ करावीशी वाटायला लागली, पण ती इच्छा आतून आली होती.

डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1983 मध्ये नेमकं यावरच लिहून ठेवलं आहे. माध्यमांचा परिणाम किती होतो याचा हिशेब करताना माणूस स्वतःला वगळतो. मला काही होत नाही, फार तर तुम्हालाही होत नाही, पण 'त्या लोकांना' होतं. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर. लोक असेच असतात."

काकांचं मत किती स्वतंत्र आहे, याचा अनुभव 23 नोव्हेंबर 2019 ला आला. शनिवारची सकाळ होती. दारात पडलेल्या पेपरात पहिल्या पानावर ठळक मथळा: उद्धव ठाकरे यांच्या नावावर तिन्ही पक्षांचं एकमत. काकांनी बिस्किट चहात बुडवलं. "महाराष्ट्राला हेच हवं होतं. तिघं एकत्र आले की एकमेकांवर वचक राहतो." तेवढ्यात टीव्हीवर राजभवन दिसायला लागलं. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते, पाठोपाठ अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची. बिस्किट चहात पडलं. काकांनी ते चमच्यानं बाहेर काढलं, आणि चमचा बशीत ठेवेपर्यंत मत तयार होतं. "महाराष्ट्राला हेच हवं होतं. स्थिर सरकार. तिघांचं कधी जमतं का?" मंगळवारी ते सरकार गेलं. गुरुवारी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला, तेव्हा काका जिन्यात गाठून म्हणाले, "शनिवारी सकाळी मी काय बोललो होतो?" बोलले होते, हे खरंच आहे. पेपर वाचत होते तोपर्यंत.

त्या आठवड्यात ज्यांचं मत एकदाही बदललं नाही, असं आमच्या इमारतीत एकच बिऱ्हाड होतं. त्यांची केबल बिल थकल्यामुळे कापलेली होती.

मताचं तरी एक बरं, ते बदलायला पाच मिनिटं लागतात. मूडला तेवढीही लागत नाहीत. जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. सरकार राहतं की जातं, पक्षांतरबंदी कायदा कुणाला लागतो, राज्यपालांचे अधिकार किती, असा सगळा जड मामला. काका दोन दिवस सुतकी चेहऱ्यानं हिंडत होते. लोकशाही या शब्दाशिवाय वाक्य संपत नव्हतं. मग सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. त्यात झाडी होती, डोंगार होता आणि हाटील होतं. अख्ख्या महाराष्ट्राचं सुतक फिटलं. रिंगटोन झाले, गाणी झाली. काकांनी राज्यघटना बाजूला ठेवली आणि आसामच्या सहलीला माणशी खर्च किती येतो ते विचारून आले.

कांद्याचं याहून नाजूक आहे. लासलगावची बाजार समिती म्हणजे आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ, असं आपण शाळेपासून ऐकतो. तिथं भाव पडले की पट्टी फिरते: कांद्यानं शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी. भाव चढले की: कांद्यानं गृहिणीच्या डोळ्यांत पाणी. दृश्यं बहुधा तीच, जाळीदार गोण्या आणि ढिगावर मूठभर कांदे वरखाली करणारा एक हात. ज्या दिवशी कुणीच रडत नाही, त्या दिवशी कांदा पिकतच नाही. काका पहिल्या पट्टीच्या दिवशी हातगाडीवर घासाघीस करत नाहीत. "राहू दे रे वरचे पाच रुपये, शेतकरी जगला पाहिजे." दुसऱ्या पट्टीच्या दिवशी त्याच माणसाला त्याच कांद्यासाठी "लूट चालवलीय" म्हणतात आणि उद्या आणखी महागेल म्हणून पाच किलो घेऊनही जातात. भाजीवाला मुरलेला आहे. मार्केट यार्डातून माल आणल्यावर गाडी लावता लावता वर बघून ओरडतो, "काका, आज शेतकरी रडतोय का बायका? तसा रेट लावतो."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण एकदा कुणीतरी मोजूनही बघितलं होतं. फेसबुकनं 11 ते 18 जानेवारी 2012 या आठवड्यात 6,89,003 माणसांवर प्रयोग केला. काहींच्या पानावरचा आनंदी मजकूर थोडा कमी केला, काहींच्या पानावरचा उदास मजकूर कमी केला, आणि मग ही माणसं स्वतः काय लिहितात ते तपासलं. ज्यांना आनंद कमी दिसला, त्यांच्या लिहिण्यातले आनंदाचे शब्द किंचित घटले, दुःखाचे किंचित वाढले. दुसऱ्या गटात उलटं झालं. फरक चिमूटभर, पण सापडला. 2014 मध्ये हा निबंध छापून आला तेव्हा बोंबाबोंब झाली, कारण त्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं.

"अमेरिकन माणूस मुळात भोळा," काका म्हणाले.

मी म्हटलं, अमेरिकन असण्याची अट नव्हती. फेसबुक इंग्रजीतून वापरत असला की पुरे होतं. काकांचं इंग्रजीतूनच आहे. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग चष्मा लावून त्यांनी जुन्या पोस्ट खणायला घेतल्या. त्या आठवड्यातल्या दोन निघाल्या. एक संक्रांतीच्या दिवशीची, तिळगुळाची वाटी आणि गोड बोलण्याचा आग्रह. दुसरी त्यानंतर दोनच दिवसांनी: "काही माणसं ओळखायला आयुष्य जातं." ही साडूवर लिहिली होती की झुकरबर्गमुळे लिहिली गेली, हे आता काकांना नक्की सांगता येत नाही. साडूशी बोलणं मात्र तेव्हापासून बंद आहे.

पूर्वी असं नव्हतं, हे आमच्या कट्ट्यावरचं आवडतं वाक्य. पूर्वी म्हणजे सातच्या बातम्यांच्या काळात. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढं प्रदीप भिडे यांनी पूर, अर्थसंकल्प आणि क्रिकेट एकाच पट्टीत वाचून दाखवलं. मागं ढोल वाजत नव्हते. पडद्याला आग लागत नव्हती. घोटाभर पाण्यात उभं राहून कुणी महापूर म्हणून किंचाळत नव्हतं. बातम्या संपल्या की माणसं जेवायला बसत आणि वरण वरणासारखं लागे. हे सगळं कबूल. पण आणखी मागं जाऊ या.

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंच हौद मिशनमध्ये एक समारंभ झाला आणि नंतर पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं. मिशनऱ्यांच्या हातचा चहा कोण प्यायलं, कुणी नुसता पेला हातात धरला, बिस्किट मोडलं की नाही, यावर शहर उभं फुटलं. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची पाळी टिळक-रानड्यांवरही आली. एका वर्तमानपत्रातली नावांची यादी, बाकी काही नाही. ब्लू टिक नव्हती तरी कुणी वाचलं हे पुण्यात सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा चिडायला माणसं लागतात; यंत्र कुठलंही चालतं. आताच्या यंत्राची खुबी निराळी आहे. चिडायचं कशावर, हेही ते आयतं देतं. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढं जवळजवळ चार वर्षं निवडणूकच नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात एकही नगरसेवक नाही. त्याच काळात काका युक्रेनच्या नकाशावर बाखमुत डोळे मिटून दाखवत होते. रशियानं रणगाडे कुठून घुसवायला हवे होते, तेही सांगत होते. एके दिवशी पार्किंगमध्ये ड्रेनेज तुंबलं. काकांनी तणतणत नगरसेवकाला फोन लावला. पलीकडून नम्र आवाज आला, "काका, मी माजी झालो. दोन वर्षं होऊन गेली." काका फोन ठेवून माझ्याकडं वळले. "कमाल आहे! बातम्यांत काही आलं नाही!" आलं होतं, अनेकदा आलं होतं. पण त्या बातमीला ढोल नव्हते.

आणि मग गेल्या थंडीत आमच्या ग्रुपवर बिबट्या आला.

रात्री पावणेदहाचा सुमार. जेमतेम पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. दिव्याचा खांब, एक कंपाउंडची भिंत, भिंतीवरून सावकाश चाललेला बिबट्या. वर दोन बाण, म्हणजे असंख्य वेळा पुढं ढकललेला. खाली मजकूर: "आपल्याच परिसरात! मुलांना बाहेर सोडू नका." बी विंगमधल्या एका काकूंनी लिहिलं, "ही आपल्या मागच्या गेटची भिंत वाटतेय." त्यासरशी सगळ्यांना भिंत ओळखू यायला लागली. एकांना तर भिंतीवरचा पानाचा डागसुद्धा ओळखू आला. तो कुणी टाकला यावर आधीचं एक भांडण शिल्लक होतं. सातव्या मजल्यावरच्यांनी बाल्कनीचं दार लावून त्याला सोफा टेकवला. सकाळी फिरायला जाणारे गच्चीवर गोल गोल फिरले. ज्यांना कालपर्यंत भटक्या कुत्र्यांचा त्रास होता, त्यांना आता कुत्री कमी पडतायत असं वाटू लागलं.

वॉचमन ओतूरकडचा आहे, जुन्नर तालुक्यातला. तिकडं उसात बिबट्याची पैदास होते. माणिकडोहला वन खात्याचं बिबट्यांसाठी केंद्र आहे, आणि माणसं मारली गेली आहेत ती खरोखर तिकडं. त्यानं काकांच्या मोबाइलवर व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला, आणि भिंतीमागच्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं. "काका, ही अक्षरं आपली न्हाईत. कानडी दिसत्यात." काका म्हणाले, "अरे, पाटी कुठलीही असेल, बिबट्या आहे की नाही?"

मी त्याला विचारलं, तुमच्याकडं एवढे बिबटे, भीती वाटत नाही? "वाटती तर! पर मोटरीची लाइट रातचीच आसती. मग जायचं, ब्याटरी मारायची अन् मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची." हे तो कुठल्याही भावाशिवाय बोलला. हा माणूस कुठल्या चॅनलवर बोलायला गेला तर ढोलवाल्याची पंचाईत होईल.

रविवारी तातडीची सभा भरली. एरवी कोरमसाठी लोकांच्या बेल वाजवाव्या लागतात. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. बाल्कन्यांना जाळ्या बसवायची दोन कोटेशनं आली. मागच्या गेटला चार कॅमेरे ठरले. वन खात्याला पत्र लिहायचं, त्यात 'हिंस्र' कसं लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. काकांनी इस्रायलमध्ये कुंपणं कशी असतात यावर माहितीपूर्ण भाषण केलं. मुलगा म्हणाला, मी एक पॉडकास्ट पाठवतो, बिबट्याच्या मानसिकतेवर आहे. वॉचमननं रात्री दर तासाला मागच्या बाजूनं गस्त घालावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमतानं मंजूर झाला.

सगळे उठता उठता वॉचमन पुढं आला. गस्त घालतो म्हणाला, पण ब्याटरीचे सेल संपलेत, दिवाळीपासून मागतोय.

सेक्रेटरींनी मिनिट्सची वही मिटली होती. "तो विषय आज अजेंड्यावर नाही," ते म्हणाले. "पुढच्या सभेत घेऊ."