अप्पामामा आणि चष्म्यातलं घटनास्थळ

घरात काही सांडलं, फुटलं की लोक फडकं शोधतात. आमचे अप्पामामा ओरडतात, "कुणी हात लावू नका!" फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर वर्दी ट्रंकेत गेली, मोजमापाचा टेप मात्र अजून सदऱ्याच्या खिशात असतो. दूध उतू गेलं तर ओटा पुसायच्या आधी मामींची तपासणी होते. "दूध शेवटचं कुणी पाहिलं? त्या वेळी गॅस कितपत होता? अंदाजे सांग, पण विचार करून सांग."

बोलणंही पंचनाम्याचंच. "सदर आमटीत मीठ आढळून आलं नाही." जावई घरी येत नाहीत, "समक्ष हजर होतात". एका लग्नात करवलीचं कानातलं हरवलं तेव्हा मामांनी कार्यालयाचं दार लावून घेतलं आणि व्याह्यांसकट सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. मग पत्रिकेच्या पाठीमागे कच्चा नकाशा काढायला घेतला. पूर्वेस बुफे, पश्चिमेस वधूपक्षाची खोली, दक्षिणेस हात धुण्याची जागा. कानातलं तिच्याच गजऱ्यात सापडलं. मामा तरी लिहीतच राहिले. "मुद्देमाल मिळाला म्हणून पंचनामा अर्धवट सोडायचा नसतो." तोवर जिलेबी गार झाली होती.

मोजमापाचा त्यांचा एक नियम मात्र पक्का आहे आणि तो खराही आहे. वस्तूची जागा दोन न हलणाऱ्या ठिकाणांपासून मोजायची. खोलीचा कोपरा चालेल, दाराची चौकट चालेल. खुर्ची चालणार नाही, कारण खुर्ची उद्या कुणीतरी सरकवणार. चष्मा हरवला तर मामींना विचारतात, "कोपऱ्यापासून किती फुटांवर ठेवला होतास?"

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा खात्यातल्या कुणापेक्षा मामांनीच ती जास्त मनावर घेतली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल अशा गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आणि सगळ्याचं चित्रीकरण करायचं, हे राज्यांनी टप्प्याटप्प्यानं आणायचं आहे. मामांनी ते घरात एका दिवसात आणलं. मामींकडून कपबशी फुटली तर ती सात वर्षांच्या आतली बाब, नुसता तोंडी जबाब पुरे. टीव्हीचा रिमोट पाण्यात पडला त्या दिवशी मात्र मोबाइल काढून चित्रीकरण झालं, तेही पदर डोक्यावर घेतलेल्या, संतापलेल्या मामींसकट.

त्यांची नात गांधीनगरला न्यायवैद्यक विज्ञान शिकते. सुट्टीत येताना ती व्हीआरचा चष्मा घेऊन आली. त्यात सरावासाठी तयार केलेली एक खोली होती: उलटलेली खुर्ची, फुटलेला ग्लास, जमिनीवर डाग. मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायातल्या सपाता काढल्या. "ठसे उमटतील," म्हणाले. नात म्हणाली, "आजोबा, इथे ठसे उमटत नाहीत." मामा घुटमळले. "म्हणजे कोणीही कितीही वेळा आत गेलं तरी?" "कितीही वेळा."

या एका वाक्यावर मामा विरघळले. त्यांच्या आख्ख्या नोकरीत एकही घटनास्थळ त्यांना धड मिळालं नव्हतं. ते पोचेपर्यंत अर्धं गाव आत येऊन गेलेलं, कुणी प्रेतावर चादर टाकलेली, कुणी "बरं दिसत नाही" म्हणून जमीन सारवलेली, आणि साहेबांसाठी चहा त्याच चुलीवर उकळत ठेवलेला. आता पहिल्यांदाच समोर बघ्यांशिवायची खोली होती.

शंका मात्र संपत नव्हत्या. हे मोजलं कुणी? नातीनं सांगितलं, तिकाटण्यावरचं यंत्र गोल फिरत लेसर सोडतं, प्रत्येक ठिकाणाचं अंतर टिपतं, असे लाखो ठिपके जुळवले की खोली उभी राहते. "आणि कपाटामागे?" तिथे लेसर पोचत नाही, म्हणून यंत्र जागा बदलून पुन्हा लावावं लागतं, नाहीतर तिथे भोकच राहतं. मामा खूश. कपाटामागे न बघणारे शिपाई त्यांनी फार पाहिले होते. मग भिंतीशी त्यांना आणखी एक खोली दिसली, अर्धवट, धुरकट. "ही कुणाची?" कुणाचीच नाही. भिंतीवर आरसा होता. आरशावरून परतलेला लेसर फसतो आणि प्रतिबिंबाला खरी जागा समजून भिंतीपलीकडे मांडून ठेवतो. मामांनी मांडीवर थाप मारली. "साक्षीदार फितूर!" तो संध्याकाळभर त्यांचा आवडता विनोद होता.

नातीनं मग जर्मनीतली गोष्ट सांगितली. बव्हेरियाच्या गुन्हे अन्वेषण विभागानं ऑशविट्झ-बिर्केनाऊची छावणी संगणकावर उभी केली, तिथल्या इमारती लेसरनं मोजून आणि जुने नकाशे, छायाचित्रं पडताळून. 2016 साली डेटमोल्डच्या न्यायालयात राइनहोल्ड हानिंग या 94 वर्षांच्या माजी पहारेकऱ्यावर खटला चालला, तेव्हा हे प्रतिरूप वापरलं गेलं. चष्मा लावून त्यात फिरायची सोयही केली. पहाऱ्याच्या मनोऱ्यावर उभ्या माणसाला खालचं काय दिसत होतं, हा प्रश्न होता. मामांनी विचारलं, "त्या वेळची झाडं लावलीत का?" लावली होती, झाडांआड काही झाकलं जात होतं का, हेच तर बघायचं होतं. मामांनी मान डोलावली. "आम्हाला दिसलं नाही, असं म्हणणारे आमच्याकडेही पुष्कळ भेटायचे. मी त्यांच्याच ओट्यावर जाऊन उभा राहायचो." हानिंगला पाच वर्षांची शिक्षा झाली, हे ऐकून त्यांनी चष्म्याकडे जरा अदबीनं पाहिलं.

तरी पुन्हा आत शिरल्यावर तक्रार आलीच. "वास कुठाय?" वासावर त्यांचा फार विश्वास. रॉकेल, फिनेल, शिळी दारू हे त्यांचे खरे खबरे. नात म्हणाली, वास नाही. मामांनी कागद मागवला आणि चष्मा न काढता मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदर खोलीत वास आढळून आला नाही. आग्नेयेस खुर्ची पालथ्या स्थितीत. वायव्येस एक धुरकट खोली, आरशाच्या सांगण्यावरून." नात लिहीत होती. शेवटी सहीसाठी पंच लागले. एक मी झालो, दुसऱ्या मामी.

मामी म्हणाल्या, "मी का सही करू? चष्मा तुमच्या डोळ्यांना होता. मला काय दिसलं ते लिहा."

कायद्यानं हे बरोबर होतं. मामांना नाइलाजानं एक ओळ वाढवायला लावावी लागली: पंच क्रमांक दोन यांना निवृत्त फौजदार हे दिवाणखान्यात सोफ्याला आरोपी समजून दरडावताना आढळून आले.

मामींनी ती ओळ वाचून पाहिली, पेन घेतलं आणि ठसठशीत सही केली.